बाई मध्ये बोलल्या

मदत करणाऱ्या माणसाचा इतका संताप येऊ शकतो, हे मला बाईंमुळे कळलं. त्रास देणाऱ्याला टाळता येतं, त्याच्याशी भांडता येतं, चार लोकांत त्याच्या नावाने बोटं मोडता येतात. बाईंची तक्रार कुणाकडे करणार? ज्याला सांगावं तो म्हणायचा, "अगं, पण किती करतात त्या तुमच्यासाठी!" करत होत्याच. तीच तर अडचण होती.

बाई आम्हाला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. बाकी मुलं त्यांना मॅडम म्हणत. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी मला फर्मान निघालं, "तू मला बाई म्हणायचं. मॅडम म्हणायला अख्खं बनारस आहे." त्यांचं घर दुर्गाघाटावरच्या गल्लीत. पूर्वज कधीतरी कोकणातून काशीला आले आणि परत गेलेच नाहीत. त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी होती. "काल किती राह पाहिली तुझी!" असं त्या म्हणायच्या आणि भुसावळहून बदली होऊन आलेल्या रेल्वेवाल्यांच्या घरातली मी मनातल्या मनात "वाट, वाट पाहिली" असं दुरुस्त करत राहायची.

अंतराळाच्या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि इंटर्नशिप मिळवून द्यायचं काम विभागाने आपल्याकडे सोपवलंय, असं बाई सांगत. मी एकदा विभागात विचारून पाहिलं. असं काम कुणीच कुणाकडे सोपवलेलं नव्हतं. पण नोटीसबोर्डाची किल्ली बाईंकडे होती. बँकेच्या परीक्षांच्या क्लासची जाहिरात कुणी लावली की दुपारपर्यंत ती गायब आणि तिच्या जागी कुठल्यातरी उपग्रह केंद्राची उन्हाळी इंटर्नशिप, नाहीतर परदेशातल्या विद्यापीठाचा वजीफा. शिष्यवृत्तीला त्या वजीफाच म्हणत आणि तो शब्द असा उच्चारत की जणू तो मिठाईच्या दुकानात मिळतो.

विभागापुरतं हे प्रकरण थांबलं असतं तर सोसवलं असतं. बाई रस्त्यात गाठत. सकाळी मैत्रिणींबरोबर कचोरीच्या ठेल्यावर उभं राहावं, तर गल्लीच्या त्या टोकाकडून हाक यायची, "ए मुली, तुझं आवेदन कुठे अटकलं?" ठेलेवाला, गाय, मोटरसायकलवाला, सगळे माझ्याकडे बघायचे. माझं आवेदन अटकलंय हे त्या ठेलेवाल्याला इतकं पाठ झालं होतं की तो स्वतःहून विचारायला लागला, "भर दिया, बिटिया?"

आमच्या पुढच्या वर्गातल्या प्रतिमाचं लग्न ठरलं तेव्हा तर हद्द झाली. तिला परदेशात उपग्रहांच्या अँटेनावर काम करण्यासाठी फेलोशिप मिळाली होती आणि जाण्याआधी घरच्यांनी लग्न उरकायचं ठरवलं होतं. बाई लग्नाला आल्या, स्टेजवर चढल्या, नवऱ्यामुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोवाला "इधर देखिए" म्हणत असताना प्रतिमाला म्हणाल्या, "पासपोर्ट में नाम मत बदलना. वजीफा पुराने नाम पर है. बदला तो लटक जाएगा." नवऱ्याची आई शेजारीच उभी होती. तिचा चेहरा फोटोत कायमचा आला आहे. पुढे मांडवात कुजबुज, जेवणावर सावट. बाई मात्र दोनदा कढी मागून घेऊन निघून गेल्या. प्रतिमाने नाव बदललं नाही आणि ती वेळेवर गेली. बाईंचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं आणि म्हणून त्यांचा राग धड मनसोक्त करताही येत नसे.

आता एसओपीचं सांगते. कुठल्याही इंटर्नशिपला किंवा स्कॉलरशिपला अर्ज करायचा तर 'मला हे का करायचंय' हे पानभर लिहून द्यावं लागतं, त्याला सगळे एसओपी म्हणतात. आम्ही सगळ्यांनी सुरुवात एकच केलेली असायची: लहानपणापासून मला ताऱ्यांचं वेड होतं. बाई ते कोरड्या आवाजात मोठ्याने वाचत, वीजबिल वाचावं तसं. मग चष्म्यावरून बघत.

"कुठे होतं वेड? कोणत्या वयात?"

"म्हणजे... रात्री गच्चीवर झोपायचो तेव्हा..."

"गच्चीवर झोपायचीस कारण खाली उकडायचं. पंखा बंद पडायचा. तसं लिही."

मी खरंच तसं लिहिलं. तेही परत आलं. "पंख्याचं काय पुढे? बंद का पडायचा, हे कळलं का तुला? नाही ना? मग त्यांनी का घ्यावं तुला?" माझा तो एक कागद इतक्या वेळा परत आला की शेवटी आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, तुम्हीच लिहा आणि तुम्हीच जा अंतराळात." मी हे बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आईलाही लिहायला बसवलं असतं.

मुलाखतीची तयारी त्या घाटाच्या पायऱ्यांवर घेत. दुर्गाघाटाच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या चढत नाहीत, उभ्याच राहतात. बाई खाली पाण्याजवळ प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चढता चढता द्यायचं. मी धापा टाकत 'पलायन वेग' म्हणेपर्यंत त्या तीन पायऱ्या पुढे. "मुलाखतीत दम लागतो. इथेच लागून जाऊ दे," असं त्यांचं म्हणणं. वर पोचल्यावर त्या विचारायच्या, "समजलं?" आणि मला फक्त पाणी हवं असायचं.

शिफारसपत्रांच्या बाबतीत तर मुलं हात जोडायची. इतर प्राध्यापक प्रत्येक मुलाला 'अत्यंत हुशार, कष्टाळू, विनम्र' लिहून देत. बाई खरं लिहीत. एका मुलाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'वेळेवर येत नाही. आला की हाकलल्याशिवाय जात नाही.' त्याने रडवेला होऊन विचारलं तर म्हणाल्या, "यात खोटं काय आहे ते दाखव, काढून टाकते." त्याला दाखवता आलं नाही.

अशा बाईंच्या घरी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची मुलाखत द्यायला गेले, ही माझी नव्हे, विजेची चूक.

दक्षिणेतल्या एका अंतराळ संशोधन केंद्रात उन्हाळी इंटर्नशिप होती. पूर्ण देशातून मोजकी मुलं घेणार होते. माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला आणि ऑनलाइन मुलाखतीचा दिवस कळला. नेमक्या त्याच दिवशी आमच्या रेल्वे कॉलनीत दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार असल्याची सूचना आली. बाबा म्हणाले, "ऑफिसात बस." तिथे कोण शांत बसू देणार! बाईंना कळलं आणि विषयच संपला. त्यांच्या घराच्या भिंती हातभर जाड, भाच्याने नुकतंच चांगलं इंटरनेट आणि इन्व्हर्टर बसवलेला. "माझ्याकडे ये. सुई पडली तरी ऐकू येईल," म्हणाल्या.

त्या घरात बाई आणि त्यांचे थोरले भाऊ राहत. भाऊ घरी चार मुलांना वेद शिकवत. त्या दिवशी बाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलांना ब्रह्माघाटाकडच्या देवळात पाठवून दिलं. मला आतल्या खोलीत टेबल दिलं, पाण्याचा तांब्या ठेवला, खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, "मी बाहेरच्या खोलीत आहे. मी आहे हे विसरून जा."

मुलाखत छान चालली होती. समोर तिघं होते. मधले, वयाने मोठे गृहस्थ प्रमुख असावेत. त्यांचा आवाज मऊ होता. माझं मन स्थिर होतं, उत्तरं येत होती. शेवटी त्यांनी विचारलं की खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहाला विरळ हवेचं घर्षण होतं, तर त्याचा वेग कमी होतो की वाढतो?

मला उत्तर येत होतं. पटकन वाटतं कमी होईल, पण नाही. घर्षणाने तो खाली सरकतो आणि खालच्या कक्षेत वेग जास्त लागतो; म्हणून वाढतो. मी तसं सांगितलं.

ते किंचित पुढे झुकले. "नक्की?"

बस. एवढं एक 'नक्की' पुरलं. मी म्हणाले, "म्हणजे... घर्षण आहे, तर कदाचित..."

"बदलू नकोस! बरोबर आहे तुझं!"

आवाज दारामागून आला. बाहेरच्या खोलीतून नव्हे, अगदी दारामागून. नंतर कळलं, त्या सुरुवातीपासून तिथेच कान लावून उभ्या होत्या.

प्रमुखांनी विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी आहे का?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते अतिशय सभ्यपणे म्हणाले की मुलाखतीत बाहेरची मदत चालत नाही, त्यामुळे इथेच थांबावं लागेल. पडदा काळा झाला आणि त्यात मला माझाच चेहरा दिसला.

बाई दार उघडून आत आल्या. वाटलं, निदान आता तरी तोंड लपवतील. म्हणाल्या, "येत होतं तर डगमगलीस कशाला?"

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कधी कुणावर ओरडले नाही इतकी ओरडले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण 'कुणी सांगितलंय तुम्हाला?' हे अनेकदा म्हटल्याचं आठवतं. बाई ऐकत उभ्या राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी तांब्या माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच टाकून जिने उतरले आणि गल्लीतून रडत मैदागिनच्या चौकापर्यंत चालत गेले. कचोरीवाल्याने त्या दिवशी काही विचारलं नाही.

पुढचे दिवस मी बाईंना टाळलं. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, तास संपला की पळायचं. आणि मग एक दिवस बाईच आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ज्यांनी सख्ख्या भाचीच्या बारशाला रजा घेतली नव्हती त्या बाई गायब झाल्या म्हणजे नक्की आजारी असणार, असं सगळे म्हणायला लागले. मला राग होताच, पण राहवेना. घरी फोन केला. भाऊंनी उचलला.

"आजारी कसली! ती तिकडे गेलीय, दक्षिणेत, तुझ्या त्या केंद्रावर. मी म्हटलं, नको जाऊस, कोण ओळखतं तुला तिथे? ऐकते कुठे? पुऱ्या बांधून घेतल्या आणि गेली."

मी डोक्याला हात लावला. आता तिथे जाऊन त्या काय बोलतील, कुणाशी भांडतील, माझं नाव किती लोकांना पाठ करून देतील, या विचाराने मला झोप लागेना. पुढच्या वर्षी अर्ज करायची सोयही आता उरणार नाही, असं मी आईला म्हणाले.

आठवड्याने बाई आमच्या क्वार्टरवर आल्या. विद्यापीठातून नव्हे, थेट स्टेशनवरून. हातात पिशवी, पाय सुजलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. आईने घाईघाईने पोहे टाकले. बाबा ऑफिसला निघाले होते ते थांबले. बाईंनी पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि सांगायला सुरुवात केली, विभागातल्या बैठकीचा वृत्तांत द्यावा तसं.

केंद्राच्या फाटकावर त्यांना कुणी आत सोडलं नाही. ओळखपत्र, परवानगी, काहीच नव्हतं. त्या फाटकाबाहेर बसून राहिल्या. रक्षकांनी आधी हाकललं, मग सावलीत बसायला सांगितलं, मग चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते प्रमुख गृहस्थ गाडीतून जाताना ओळखले. "आवाज ऐकला होता, चेहरा दाराच्या फटीतून पाहिला होता," म्हणाल्या. गाडी अडवली. माणूस भला होता, खाली उतरला.

"मी सांगितलं, चूक माझी आहे, मुलीची नाही. मुलीला पुन्हा विचारा, मी इथे, तिच्यापासून इतक्या लांब असताना विचारा. ते म्हणाले, नियम आहे, एकीसाठी मोडला तर बाकीच्यांवर अन्याय. बरोबर आहे त्यांचं. मी वाद घातला नाही."

मला हायसं वाटलं. झालं तेवढं पुरे, असं वाटून मी उठायला लागले.

"बस. पूर्ण झालं नाही." बाईंनी बशी खाली ठेवली. "मी विचारलं, ती डगमगली नसती तर घेतलं असतं का? ते म्हणाले, डगमगण्याचा सवाल नाही. 'नक्की का' हे आम्ही प्रत्येकाला विचारतो, आणि प्रत्येक जण डगमगतो. तिचं नाव आम्ही जवळजवळ नक्की केलं होतं." त्या माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तुला मिळालं होतं. मी बोलले नसते तर तू आज तिथे जायच्या तयारीत असतीस."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई गॅस बंद करून आली.

मग तीच म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण हे तिला सांगायलाच हवं होतं का?"

"हो," बाई म्हणाल्या. "नाहीतर ती जन्मभर समजेल की ती कच्ची पडली. ती कच्ची नव्हती. तिचं नुकसान मी केलं. तिला कळायला पाहिजे की कोणी केलं."

आणि त्या उठल्या. बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "काय बाई आहे!" त्यात कौतुक होतं की वैताग, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र आत जाऊन उशीत तोंड खुपसून पुन्हा रडले. खोटं सांगितलं असतं तर मी त्यांना सहज माफ केलं असतं. खरं सांगून त्यांनी तीही सोय ठेवली नव्हती.

पण एक झालं. 'नक्की?' असं कुणी विचारलं की उत्तर बदलायची माझी सवय त्यानंतर सुटली. मी कच्ची नव्हते, हे मला आता दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही कधी खोटं न लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून, कळलं होतं.

पुढच्या वर्षी मी एका वेगळ्या ठिकाणी अर्ज केला. पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि त्याबरोबर उपग्रहांच्या कक्षांवर काम करण्याची इंटर्नशिप, असं दोन्ही एकत्र होतं. बाईंना मी सांगितलं नाही. अर्थातच त्यांना कळलं. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती: मुलाखत घरून देणार आहे, वीज आहे, तुम्ही येऊ नका.

बाई एवढंच म्हणाल्या, "किती वाजता आहे?"

मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

मुलाखत आमच्या घरी झाली. आईने दाराला कडी लावून बाहेर खुर्ची टाकली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हाताने गप्प करत होती. मुलाखत कशी झाली ते सांगत नाही. पुढे मला ती जागा मिळाली आणि आज मी त्याच कामात आहे, एवढं पुरे. त्या दिवशी संगणक बंद केला तोच भाऊंचा फोन आला.

"झालं का गं तुझं? झालं असेल तर तिला घेऊन ये. माझं कोण ऐकणार?"

"कुठे आहेत बाई?"

"गंगेपलीकडे. रेतीत. सकाळीच नाव करून गेली. म्हणाली, घरात राहिले तर पाय तुझ्या घराकडे वळतील. मोबाइल माझ्याकडे देऊन गेलीय. मुलगी स्वतः येऊन सांगेपर्यंत परतणार नाही म्हणाली."

मला पुन्हा चीड आली. मुलाखत देऊन माणूस दमतो, त्याला दोन घास खाऊन पडायचं असतं. त्या ऐवजी मी मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, पुढे गल्ल्यांतून पायी, पायऱ्या उतरून घाटावर आणि तिथून नावेत. हे सगळं कशासाठी, तर एका मोठ्या बाईने स्वतःवर भरवसा नाही म्हणून गंगेपलीकडे जाऊन बसायचं ठरवलं म्हणून.

पलीकडच्या काठावर घरदार काही नाही, नुसती वाळू. हौशी लोक उंटावर बसतात, पोरं पतंग उडवतात. थंडी अजून पुरती सरली नव्हती, पण वाळू तापली होती. त्या सगळ्या गर्दीपासून लांब, काळी छत्री उघडून, बाई बसलेल्या दिसल्या. नाव काठाला लागली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. लुगड्याला वाळू चिकटलेली. चेहरा उन्हाने लाल.

"झालं?"

"झालं. बाई, त्यांनी पहिलाच प्रश्न..."

"सांगू नकोस!" त्यांनी हात वर केला. "काय विचारलं, तू काय सांगितलंस, काही सांगू नकोस. निकाल लागू दे. आत्ता सांगितलंस तर मी त्यांना फोन करीन."

त्या चेष्टा करत नव्हत्या.

आम्ही नावेत बसलो. नावाड्याने नाव पाण्यात ढकलली. बाई माझ्यासमोर, छत्री मिटून मांडीवर आडवी धरून. प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर अक्षरशः येत होते. एकदा ओठ उघडले, मिटले. मग त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि दातांत घट्ट धरलं आणि मान वळवून पाण्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत बाईंना गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं. कसं बसायचं हेही त्यांना माहीत नसावं. खांदे वर ओढलेले, मुठी आवळलेल्या.

अर्ध्या गंगेत आल्यावर नावाड्याने वल्हं जरा थांबवलं आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "माताजी की तबियत ठीक है ना?"